त्रेसष्टावं वर्तुळ

बाळांनो,

गेल्या रविवारी फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, तुझ्या नोटबुकात त्रेसष्ट वर्तुळं आहेत. बासष्टांमध्ये तारे आहेत आणि एक रिकामं आहे. चुकून पडलेलं दिसतंय, मी इथूनच काढून टाकू का?" मी "नको, नको" म्हणाले आणि आवाज तुटतोय असं सांगून फोन ठेवला. आवाज तुटत नव्हता. मला उत्तर माहीत होतं, पण ते फोनवर देण्याएवढं लहान नव्हतं. तिकडे बसून तुम्हाला ते वर्तुळ एका बोटाने पुसता येतं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. म्हणून आज सकाळीच लिहायला बसले आहे. त्या एका वर्तुळापायी माझी मैत्रीण मला दुरावली होती. चूक तिची होती की माझी, एवढाच प्रश्न होता, आणि तो पंचेचाळीस वर्षं तसाच पडून होता.

इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, तुम्हालाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, हिशोबसुद्धा मी मनात इंग्रजीत करते. पण इंग्रजीत मी फार शहाण्यासारखी लिहिते. अडेल तिथे आईला विचारा. तिलाही यातलं काही माहीत नाही, आणि ती यात आहे.

नोटबुक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर अजून लाल समासाची वही येते. हे दुसरं नोटबुक थोरलीने नाताळच्या सुट्टीत माझ्या लॅपटॉपवर लावून दिलं. त्यात एकाखाली एक चौकटी असतात. चौकटीत सूचना लिहायची, शिफ्ट धरून एंटर दाबायचं, की उत्तर खाली उमटतं. 'शिफ्ट धरून एंटर' हे मी चिठ्ठीवर लिहून कीबोर्डच्या वर चिकटवलं, तेव्हा धाकटा हसला होता. "आजी, तू मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावतेस तसं कॉम्प्युटरलापण लावलंस?" लावलं. चिठ्ठी अजून आहे.

एका चौकटीत आकाश उघडतं. मोठमोठ्या दुर्बिणींनी काढलेले फोटो एकाला एक जोडून केलेलं अख्खं आकाश. माउसने ओढलं की सरकतं, चाक फिरवलं की जवळ येतं. दुसऱ्या चौकटीत एखाद्या जागेचे आकडे लिहिले, की त्या जागी लाल वर्तुळ उमटतं. बेंगळुरूत, बनशंकरीच्या या गच्चीवरून आता मोजून पाच-सहा तारे दिसतात. जेवणाच्या टेबलावर मात्र सकाळी साडेदहाला, भांडीवाली गेल्यावर, बाहेर भाजीवाला ओरडत असताना, मला हवे तेवढे दिसतात.

नोटबुक काही काळ तसंच ठेवलं तर ते सगळं विसरतं आणि पुन्हा पहिल्या चौकटीपासून ओळीने चालवावं लागतं. थोरलीला त्याचा कंटाळा येतो, मला येत नाही. ते काम करत असताना चौकटीच्या डाव्या अंगाला कंसात एक छोटी चांदणी दिसते, आणि काम झालं की तिच्या जागी आकडा येतो. चांदणी असेपर्यंत घरात आणखी कोणीतरी कामाला बसलं आहे असं वाटतं. आजोबा गेल्यापासून तसं वाटायची सवय मोडली होती.

आता ती गोष्ट.

लग्न होऊन मी पुण्याहून बेंगळुरूला आले ते तुमच्या आजोबांच्या सरकारी कारखान्यातल्या नोकरीमुळे. मी गणितातली पदवीधर. मला आकाशाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत मोजणीचं काम मिळालं. तेव्हा दुर्बिणीचे फोटो काचेवर घेत. काचेवर आकाश उलट्या रंगात उमटे, तारे काळे आणि बाकी सगळं धुरकट पांढरं. ती काच मापनयंत्राखाली ठेवायची, भिंगातून बघत स्क्रू फिरवायचा, भिंगातली फुली ताऱ्याच्या ठिपक्यावर बसली की आकडा वाचायचा. काम दोघींचं असे. एक भिंगाशी बसून आकडे सांगायची, दुसरी लिहायची.

लिहिणारी मी होते. सांगणारी अक्का. ती म्हैसूरकडची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी, म्हणून अक्का. आम्ही कन्नड आणि इंग्रजीची खिचडी बोलत असू. इथे सगळं मराठीत लिहिते आहे.

"ए कॉन्व्हेंट," ती भिंगावरून डोळा न काढता म्हणायची, "लिहिलंस का? की स्पेलिंग तपासते आहेस?"

"आकड्यांना स्पेलिंग नसतं, अक्का."

"तुझा नेम नाही. तू त्यांना फुलस्टॉपसुद्धा देशील."

तिच्या डब्यात चित्रान्न, म्हणजे लिंबाचा भात, असे आणि माझ्याकडे पोळीभाजी. माझी दाण्याची चटणी ती निम्म्याहून जास्त संपवायची आणि वर म्हणायची, "स्वल्प तिखट कमी कर."

एक रीत समजून घ्या, कारण सगळं तिच्यावर आहे. प्रत्येकाचा डोळा थोडा एका बाजूला कलतो. फुली ठिपक्याच्या मध्यावर बसली असं वाटतं, पण ती केसभर डावीकडे किंवा उजवीकडे असते. तो कल स्वतःला कधीच कळत नाही. म्हणून एकदा सगळे तारे मोजून झाले की काच अर्धी फिरवून ठेवायची, वरची बाजू खाली, आणि सगळे तारे पुन्हा मोजायचे. आता डोळा कलतो तो उलट बाजूला. दोन्ही मापांची सरासरी काढली की कल जातो. वहीच्या डाव्या पानावर सुलटं माप, उजव्या पानावर उलटं.

ज्या दिवसाची गोष्ट आहे त्या दिवशी मला दिवस राहिल्याचं कळून एकच रात्र झाली होती. घरातल्यांनंतर मी ते फक्त अक्काला सांगितलं, सकाळी, यंत्राच्या खोलीत. तिने माझा हात हातात धरला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग "चल, तारे वाट बघतायत" म्हणाली. दुपारी चहाच्या आधी सुलटं माप पूर्ण झालं, बासष्ट तारे. उलटं अर्धं झालं. चहाहून परत येऊन उरलेलं केलं. संध्याकाळी पान तपासताना उजवीकडे एक ओळ कोरी होती. "सुटली असेल," अक्का म्हणाली आणि तो तारा पुन्हा मोजून तिने आकडा सांगितला. अशी एखादी ओळ सुटायचीच.

आठवड्याभराने गणित करताना डाव्या पानाच्या तळाशी एक जास्तीची ओळ सापडली, त्रेसष्टावी. आमच्या सेक्शनच्या साहेबांनी स्वतः काच लावून त्या जागी बघितलं. तिथे ठिपकाच नव्हता.

"सांगितलं कोणी?" त्यांनी विचारलं.

"मी, सर," अक्का म्हणाली. "पण हा आकडा मी सांगितलेला नाही."

"आणि लिहिलं?"

"मी, सर," मी म्हणाले. "मी ऐकते तेच लिहिते. मनाचं कधी लिहीत नाही."

"मग काचेनेच सांगितला असेल," म्हणून साहेब हसले आणि लाल पेन्सिलीने ओळ खोडून मोकळे झाले. त्यांच्यापुरता विषय संपला. बाहेर व्हरांड्यात अक्का थांबली. "चूक माझ्या डोळ्यांवर घातलीस?" तिने विचारलं. "ऐकलं तेच लिहिलं, एवढंच म्हटलं मी," मी म्हणाले. ती पुढे निघून गेली. पुढच्या महिन्यात तिला भिंगावरून काढून टायपिंगला बसवलं. सांगणाऱ्या बाईचा डोळा चुकतो असं एकदा ठरलं, की तिला भिंगाशी कोण बसू देणार?

मी तिच्याशी बोलणं बंद केलं. तिने सगळ्यांसमोर मला खोटं पाडलं, असं मी धरून बसले होते. माझी वही नीट, माझं अक्षर नीट, म्हणजे चूक तिचीच. तुमच्या आईच्या वेळी नोकरी सोडेपर्यंत त्या इमारतीत आम्ही दोघी एकमेकींना टाळून जिने चढलो.

वह्यांच्या कार्बन प्रती माझ्याकडे राहिल्या होत्या. जुन्या प्रती संस्थेत टाकून देत तेव्हा मी मागून आणल्या आणि पत्र्याच्या ट्रंकेत क्रमाने लावून ठेवल्या. नाताळात तुमची आई म्हणाली, "आई, हे आता रद्दीत दे ना, कोण बघणार आहे?" बरोबरच होतं. तुम्ही परत गेलात, घर पुन्हा पहिल्यासारखं झालं, आणि एका सकाळी मी ट्रंक उघडली. एक पान नोटबुकात घालून बघू म्हटलं. कुठलंही एक, असं स्वतःला सांगितलं, पण हात त्या पानावरच गेला. खोडलेली ओळ कार्बनच्या प्रतीत वाचता येत होती.

चार सकाळी डाव्या पानावरच्या आकड्यांवरून आकाशातल्या जागा काढण्यात आणि त्या टाइप करण्यात गेल्या. पाचव्या दिवशी शिफ्ट धरून एंटर दाबलं, चांदणी आली, गेली, आणि त्रेसष्ट लाल वर्तुळं आकाशावर उमटली. एकातही तारा नव्हता. सगळी रिकाम्या काळ्या जागेत. म्हणजे सगळंच चुकलेलं होतं की काय? मी लॅपटॉप मिटला आणि त्या दिवशी स्वयंपाक केला नाही, दूध-पोहे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बघितलं, तर वर्तुळं आणि तारे यांची नक्षी एकच होती, फक्त सगळी वर्तुळं एकाच दिशेला सारखीच सरकलेली. वर्गातल्या मुलांनी सगळ्यांनी मिळून एक पाऊल डावीकडे टाकावं तशी. मग पानाच्या डोक्यावर मीच टाइप केलेला आकडा वाचला: १९५०. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, त्यामुळे आकाशावर मापासाठी कल्पलेल्या रेघा सरकत राहतात, आणि हे माप कुठल्या सालच्या रेघांवर आहे ते प्रत्येक पानावर लिहावं लागतं. मी ते शेकडो पानांवर लिहिलं होतं आणि लिहून लिहून दिसेनासं झालं होतं. नोटबुकात एक शब्द बदलला. बासष्ट वर्तुळं बासष्ट ताऱ्यांवर जाऊन बसली.

ते बघताना माझ्या तोंडून "अक्का, बघ" असं निघालं. खोलीत पंखा फिरत होता, बाकी कोणी नव्हतं.

त्रेसष्टावं रिकामं होतं, ते राहणारच होतं. मला वेगळंच शोधायचं होतं. अक्काचा एखादा आकडा चुकला असेल तर तो बदलून पाहिल्यावर वर्तुळ जवळच्या कुठल्यातरी ताऱ्यावर जाईल, आणि तिची चूक कुठे झाली ते कळेल. खरं सांगायचं तर मला तिची चूक हवी होती. आठवडाभर मी एकेक आकडा बदलत होते. तीनचा आठ, एकचा सात. वर्तुळ इकडून तिकडे जाई आणि रिकामंच राही.

मग एका सकाळी लक्षात आलं की मी काम अर्धंच केलं आहे. सुलटं झालं, उलटं राहिलं. आमच्या वेळी असं पान कोणी स्वीकारलं नसतं. पानावर काचेच्या मध्यबिंदूचे आकडे होते. त्यांच्या दुपटीतून प्रत्येक ताऱ्याचा आकडा वजा केला की सगळी वर्तुळं मध्याभोवती अर्धी फिरतात, शाळेतलं गणित आहे. नवी चौकट उघडून मी ते लिहिलं. यातून काही निघेल असं वाटलं नव्हतं. रीत होती म्हणून केलं.

बासष्ट वर्तुळं आपापल्या ताऱ्यांवरून उठून काळोखात जाऊन पडली. आणि त्रेसष्टावं, एकटं, एका ताऱ्यावर बरोबर मध्ये बसलं.

मी स्टीलची फूटपट्टी आणून स्क्रीनला लावली. हसू नका. मग पान काढून बघितलं. तो तारा म्हणजे सदतिसावा होता, उजव्या पानावर जो सुटला म्हणून संध्याकाळी पुन्हा मोजला होता तोच. चहाहून परत आल्यावर मी वहीपुढे बसले, डाव्या पानाच्या तळाशी एक ओळ मोकळी दिसली, आणि अक्काने सांगितलेला पहिला आकडा मी तिथे लिहिला. उलटं माप सुलट्या पानावर. दुसऱ्या आकड्याला हात आपोआप उजवीकडे गेला. अक्काने बरोबर सांगितलं होतं. मी बरोबर ऐकलं होतं, आणि चुकीच्या पानावर लिहिलं होतं. त्या दिवशी माझं मन कुठे होतं ते तुम्हाला आता माहीत आहे. ते तुमच्या आईकडे होतं.

अक्काचा नंबर निवृत्त लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून मिळाला. ती बेंगळुरूतच, येलहंक्याला भाचीकडे राहते. बोलायचे मुद्दे मी कागदावर लिहून काढले, पाच होते, आणि तरी फोन करायला चार दिवस गेले.

"यारु?" कोण, तिने विचारलं. आवाज बारीक झाला होता.

मी नाव सांगितलं. तिने पुन्हा विचारलं, "यारु?" मग मी म्हणाले, "अक्का, मी कॉन्व्हेंट."

"हौदा?" खरंच का, असं. आणि मग, "अजून आहेस?"

"आहे."

"मीपण."

मी कागदावरून बोलायला लागले. दुसऱ्या मुद्द्याला तिने थांबवलं. "वाचून दाखवते आहेस ना?"

"हो."

"वाटलंच. वाच, वाच."

मी सगळं वाचलं. काच, चहा, डावं पान, सदतिसावा तारा. माझी चूक होती, तुझा डोळा बरोबर होता, माझ्यामुळे तुला टायपिंगला बसवलं. शेवटी ती म्हणाली, "टायपिंगने माझी मान दुखायची थांबली. पण कुठली ओळ ही? मला काही आठवत नाही."

"साहेबांनी लाल पेन्सिलीने खोडलेली. त्यावरून तर आपलं बोलणं बंद झालं."

"त्यावरून? एका आकड्यावरून?"

"हो. तुला काय वाटलं होतं?"

"बिडू." जाऊ दे, म्हणाली.

"सांग, अक्का."

"तुझ्या सीमंताला सगळ्या सेक्शनला बोलावणं होतं. मला नव्हतं. मला मूल नव्हतं ना. मला वाटलं, तुझ्या घरच्यांनी सांगितलं असेल, तिची नजर नको. आधी म्हटलं, ही शिकलेली आहे, ही असं मानणार नाही. मग ते म्हणणंही सोडलं."

सीमंत म्हणजे आपलं डोहाळजेवण. बोलावण्याची यादी मी स्वतः केली होती, टेबलांच्या क्रमाने. अक्काचं नाव मी गाळलं ते त्या ओळीच्या रागाने. हे तिला कसं दिसेल, असा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. त्या सकाळी तिने माझा हात धरला होता आणि ती बराच वेळ बोलली नव्हती, तेव्हाही तिला मूल नाही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्या कागदावर यासाठी मुद्दा नव्हता. मी म्हणाले, "नाही गं, अक्का. तसं नव्हतं. कधीच नव्हतं."

"सरी," ती म्हणाली. बरं. मग म्हणाली, "मुलगीच झाली ना? कशी आहे?"

"लांब आहे. तिला दोन मुलं आहेत."

"बोलतात का तुझ्याशी?"

"रविवारी."

"मग ती ओळ आता दुरुस्त केलीस?"

"नाही. होती तशी ठेवली आहे."

"ठेव. पण माझ्या नावावर ठेवू नकोस." मग म्हणाली, "स्वल्प थांब, माझ्या गोळीची वेळ झाली," आणि फोन कुठेतरी ठेवला.

मी थांबले. कुकरची शिट्टी झाली, कोणीतरी टीव्हीचा आवाज मोठा केला, दार लागलं. ती फोन विसरली असावी, किंवा विसरली नसेल. अर्ध्या तासाने मी ठेवला. नंतर मी तिला दोनदा फोन केला. एकदा भाचीने घेतला, अक्का झोपली आहे म्हणाली. एकदा कोणीच घेतला नाही. पुढच्या सोमवारी दहा वाजता पुन्हा करणार आहे. तसं डायरीत लिहिलं आहे.

तेव्हा ते वर्तुळ काढू नका. साहेब गेले. मापनयंत्र भंगारात गेलं असं ऐकते. काचा कुठे आहेत ते मला माहीत नाही. बाकीच्या कार्बन प्रती मी गेल्या आठवड्यात रद्दीत दिल्या. एक पान ठेवलं आहे. नोटबुकात बासष्ट वर्तुळांत तारे आहेत आणि एक रिकामं आहे. त्याच्या खालच्या चौकटीत मी लिहिलं आहे की ही चूक लिहिणारीची आहे, सांगणारीची नाही. आणि येलहंक्याला अक्का आहे.